मस्टरवरचा पाटील

"कागद दाखवू नका," कांताबाई म्हणाली. "काय सांगाचं ते तोंडानं सांगा. कागद पेटीतच राहू द्या."

डोमाजी खाटेवर बसून उजव्या गुडघ्याला तेल चोळत होता. सहा फूट तीन इंचांचा माणूस, पण बसल्यावर त्याचे दोन्ही गुडघे छातीशी यायचे आणि तो एकदम म्हातारा दिसायचा. वय पस्तीसही नव्हतं.

"त्यायनं मागतला तर?"

"म्हणा, हरवला."

डोमाजीने तेलाची वाटी खाटेखाली सरकवली. बाहेर अंगणात सतरंजी पसरल्याचा आवाज आला. आज रविवार. नेरचं कापसाचं जिन बंद, म्हणून बहीण पंचफुला आणि तिचा नवरा उकंडा सकाळीच दोन कोस चालत गावात आले होते. भिंतीपलीकडे राहणारा थोरला भाऊ बळीराम आणि त्याचा मुलगा देवरावही येणार होते. सगळ्यांना एकच गोष्ट ठरवायची होती.

पंधरा दिवसांपूर्वी डोमाजी नागपूरहून कायमचा परत आला, तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. गोवर्धन मिलच्या बास्केटबॉल संघात तो बारा वर्षं खेळला. मस्टरवर विणकाम खात्यातला कामगार. पण सकाळी दोन तास मागापाशी उभं राहिलं की बाकीचा दिवस मैदानाचा. भोपाळ, हैदराबाद, जबलपूर, जिथे मिलचा संघ गेला तिथे तो गेला. मिलने त्याला पोसलं ते खेळण्यासाठीच. गेल्या मार्चात जबलपूरच्या सामन्यात उडी मारून उतरताना त्याचा पाय दुसऱ्याच्या बुटावर पडला आणि गुडघा आतल्या बाजूला वळला. आठ महिने मिलने वाट पाहिली. मग कागद दिला. त्यात दोन गोष्टी होत्या. तुमच्या जागी नात्यातल्या एका तरुणाला विणकाम खात्यात घेऊ. आणि तुमची इच्छा असेल तर नव्या संघाला शिकवायला या, राहायला खोली देऊ.

त्या दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. तिसरी, कागदाच्या अगदी वर लिहिलेली, फक्त कांताबाईला ठाऊक होती. निदान तिला तसं वाटत होतं.

*

पंचफुलाने बोलायची तयारी रस्ताभर केली होती. धाकटी असल्यामुळे या घरात तिचं कधी कोणी शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. म्हणून चहाच्या कपबशा उचलायच्या आधीच तिने सुरुवात केली.

"भाऊ, मी सरळ बोलते. जिन चार महिने चालते, आठ महिने बंद. यायले मंग बसून राहा लागते. पोरगी लग्नाले आली. यायले पाठवा नागपूरले."

"अन् देवराव?" बळीराम म्हणाला. तो भिंतीला टेकून बसला होता. नेरच्या बाजारात कापसाची ओझी वाहून त्याचा डावा खांदा खाली उतरला होता. "मॅट्रिकपर्यंत शिकलं माहं पोरगं. ह्या गावात त्याले कोन काम देते? छप्पन साली मी मेलेलं ढोर ओढाचं सोडलं, तवापासून पाटलाच्या वावरात आपल्या एका मानसाले पाय ठेवू देल्ला नाई त्यायनं. तुले माहीत नाई काय?"

"मले माहीत हाय, दादा. पण तू सोडलं म्हणून आमीबी सोडलं ना? का एकट्या तुह्याच घरावर बहिष्कार होता?"

"मी तसं म्हणलो काय?"

"मंग काय म्हणून राह्यला?"

देवराव खाली मान घालून सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होता. वीस वर्षांचा, अंगाने बापासारखाच किरकोळ. त्याच्याबद्दल बोलणं चाललं होतं, पण त्याला कोणी विचारलं नव्हतं.

"भांडन कायले?" उकंडा म्हणाला. "भाऊजी, कागद काढा ना. जवान पायजे, शिकलेला पायजे, का सख्ख्याच नात्यातला पायजे, जे लिवलं आसन ते. कागद बोलते त्याची नोकरी."

"मी सांगतलं ना काय लिवलं ते," डोमाजी म्हणाला.

"सांगतलं. पण पाहू तर द्या."

"इंग्रजीत हाय."

"मी वाचतो, काकाजी," देवराव पहिल्यांदाच बोलला. "सगळं नाई येत, पण मतलब समजते."

अंगणातल्या चुलीपाशी उभ्या असलेल्या कांताबाईकडे डोमाजीने पाहिलं. तिने मान किंचित हलवली. नाही. पंचफुलाच्या नजरेतून ते सुटलं नाही, आणि तिच्या मनात आलं: यांनी आधीच ठरवलेलं दिसतं. देवरावलाच द्यायची आहे. आपल्याला उगाच बोलावलं.

"लपून ठेवाचं असन तर तसं सांगा, भाऊ," ती म्हणाली. "आमी जातो वापस."

*

डोमाजी उठला. दाराची चौकट लागू नये म्हणून वाकला, आत जाऊन पेटी उघडली, आणि कागद घेऊन पुन्हा वाकून बाहेर आला. नंतर त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं की त्याने कागद का काढला. पंचफुलाचं बोलणं लागलं हे खरं. पण त्याहून खरं म्हणजे तो थकला होता. बारा वर्षं गावी येताना एक माणूस नागपूरच्या मोटारीत बसायचा आणि दुसराच खाली उतरायचा. आता परत जायचं तर पुन्हा तेच.

देवरावने कागद उलगडला. ओठ हलवत पहिली ओळ वाचली, मग पुन्हा वाचली.

"काकाजी, हा दुसऱ्याचाच कागद हाय. श्री. डी. आर. पाटील, विणकाम खाते, असं लिवलं."

"माहाच हाय तो."

"पण पाटील—"

"मीच तो."

उकंडा हसला, त्याला थट्टा वाटली. मग कोणीच हसत नाही हे पाहून तो गप्प झाला.

डोमाजी अंगणातल्या खाटेवर बसला आणि सांगू लागला. अठ्ठेचाळीस साली तो मिलच्या गोदामात कापसाच्या गाठी रचायचा. इतरांना शिडी लागे. तो खालूनच वरच्या थरावर गाठ सरकवायचा. संघाचे सेक्रेटरी साहेब एकदा तिथून जात होते. थांबले. म्हणाले, हात वर कर. त्याने केला. दुसऱ्या दिवशी त्याला मैदानावर नेलं, चेंडू दिला आणि महिनाभरात संघात घेतलं. सगळे खेळाडू विणकाम खात्याच्या मस्टरवर होते. आणि विणकामात आपल्या माणसाला घेत नसत.

"काहून?" देवरावने विचारलं.

"मागाच्या धोट्याच्या भोकातून धागा काढाचा तर तोंड लावून वढा लागते. एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडात जाते. आपलं उष्टं कोन तोंडात घेईन? म्हणून आपले लोक सूतकताईत. साहेबानं आडनाव विचारलं. मी मुनेश्वर सांगतलं. ते घडीभर थांबले अन् पाटील लिवलं. म्हणाले, उद्यापासून तू पाटील. कोनी विचारलं तर एवढंच सांग, जास्त बोलू नको."

"अन् तुमी हो म्हणलं?"

"हो म्हणलं."

"छप्पन साली तुमी दीक्षेले आमच्या संग होते," देवराव म्हणाला. आता तो धागा गुंडाळत नव्हता. "मैदानात माह्या बाजूले उभे होते. मी तुमाले पाहून हात जोडले. ते कोन्या नावानं?"

"माह्या."

"अन् मंग?"

"सुट्टी लग्नाची म्हणून घेतली होती. चौथ्या दिवशी मॅच होती." डोमाजीने गुडघा चोळला. "पाटील म्हणूनच खेळलो."

देवरावने बापाकडे पाहिलं. घरातले देव पाटीत घालून नदीत सोडणारा बाप. गावच्या पोलीस पाटलासमोर उभं राहून "आजपासून तुमचं ढोर तुमी वढा" म्हणणारा बाप. आता तो उठेल, काकाच्या तोंडावर काहीतरी फेकेल, याची देवराव वाट पाहत होता.

बळीराम उठला नाही. "नाव कोनतंबी असो," तो म्हणाला. "नोकरी तर खरी हाय ना?"

*

चुलीवरचं आधण उकळून खाली सांडलं तरी कांताबाई हलली नाही. देवराव अर्धवट उठला.

"बाबा, तुमाले माहीत होतं?"

बळीरामला हे बोलायचं नव्हतं. सात-आठ वर्षं त्याने ते कोणाजवळ बोललं नव्हतं. बायको जिवंत होती तेव्हा तिच्याजवळही नाही. पण पोरगं डोळ्यांत डोळे घालून विचारत होतं.

"त्रेपन साली मी गेलतो नागपूरले," तो म्हणाला. "याचा खेळ पाहाले. ज्वारीच्या भाकरी अन् ठेचा बांधून नेल्ता याच्यासाठी. मानसं अशी दाटली होती का पाय ठेवाले जागा नाई. याच्या हातात चेंडू आला का सगळे वरडाचे, पाटील, पाटील. मी बाजूच्याले इचारलं, पाटील कोन? तो म्हणे, तो काय, लंबा. मले समजून गेलं."

"दादा," डोमाजी म्हणाला.

"सांगू दे. मॅच सुटली. हा टावेल घेऊन बाहीर आला, संग चार-पाच जन. त्यातल्या एकानं इचारलं, हे कोन? हा म्हणे, गावचा मानूस हाय, आमच्या वावरात काम करते."

देवरावने हातातल्या कागदाची घडी घातली.

"मले वाटलं, तुले आयकू नाई गेलं," डोमाजी हळू म्हणाला.

"पाच हातावर होतो मी."

"मंग बोलला काहून नाई? त्या दिवशी नाई, नंतरही नाई."

"काय बोलू? ह्याले आपला भाऊ म्हणाची लाज वाटते, हे मी गावात सांगू?" बळीरामचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "तवा लय राग आलता. भाकरीचं गठुडं तसंच वापस आणलं. पण आता मले वाटते, तू बरं केलं. मी नाव सोडलं नाई, काम सोडलं. काय भेटलं? खांदा गेला. बायको गेली, तिले नेरच्या दवाखान्यात न्याले गावात कोनी बैलगाडी देल्ली नाई. प्रतिज्ञा मी घेतल्या, मी पाळीन मरेपर्यंत. पोरानं कायले उपाशी मराचं? जाऊ दे पाटील होऊन. पोटाले जात नसते."

"दादा बराबर बोलून राह्यले," उकंडा घाईने म्हणाला. "अन् मी तर मेव्हना. माहं आडनाव तसंबी वेगळं. मी जाधव लावीन, का देशमुख लावीन. कोन पाहाले येते?"

घटकेपूर्वी एकाच नोकरीसाठी समोरासमोर असलेले ते दोघे आता एका बाजूला होते. पंचफुलाला त्याचा आनंद व्हायला हवा होता. ती नवऱ्याकडे पाहत होती. उकंडा देशमुख. मग मी कोण? तिने मान वळवली.

"वयनी, तू दीड वर्स राह्यली तिथं. तुले माहीत होतं?"

थोरल्या दिरासमोर कांताबाई कधी बोलत नसे. तिने पदर पुढे ओढला, पण बोलली.

"मी तिथं पाटीलबाई होती. नळावर मले कोनी अडवलं नाई. हंडा भरून सगळ्याईच्या आंधी घरी. ते सुख होतं, खोटं कायले बोलू? पण संक्रांतीले बाया वाण घेऊन याच्या. माहेर कोनतं, मामाचं आडनाव काय, तुमच्यात लग्नात काय करतात. मी म्हणाची, घसा बसला. दीड वर्स माहा घसा बसलेलाच होता. बोललं का आपली बोली निंघन, गाव निंघन. एक दिवस बाजारात माह्या मायच्या गावची बाई दिसली. मी भाजीची पिशवी तिथंच टाकून पळाली. घरी येऊन दार लावलं अन् मले समजलं, मी आपल्याच मानसाले पाहून पळून राह्यली. सासूबाईचं दुखनं निमित्त झालं. मी तर त्याच्या आंधीच निंघाली होती."

हे शेवटचं वाक्य डोमाजीने आज प्रथम ऐकलं. आई आजारी म्हणून ती गेली, असंच तो समजत होता.

"आमाले नाई पायजे," पंचफुला म्हणाली.

उकंडा चमकला. "काय नाई पायजे?"

"नोकरी."

"तू कोन ठरोनारी?"

"मी तिथं राहनारी."

उकंडा काहीतरी पुटपुटत उठला, चपला पायात सरकवल्या आणि नाल्याच्या दिशेने निघून गेला. पंचफुला त्याच्या मागे गेली नाही. ती कांताबाईजवळ जाऊन बसली.

"मी जातो," देवराव म्हणाला.

बळीरामने सुटकेचा श्वास टाकला. पण देवरावचं बोलणं संपलं नव्हतं.

"मुनेश्वर म्हणून जातो. त्यायले सांगतो, पाटील म्हणत होते त्यायचा मी पुतन्या. घेतलं तर घेतलं."

"म्हणजे नाई जात, असं म्हण ना!" बळीराम ओरडला. "कागद फाडून तोंडावर फेकतीन. अन् तुह्या काकाचं काय? त्यायनं त्याले शिकवाले बोलावलं, खोली देऊन राह्यले. तू तिथं जाऊन मुनेश्वर म्हणला का ह्याचं सगळं गेलं. एवढी तरी अक्कल हाय का तुले?"

आता सगळ्यांचे डोळे डोमाजीकडे वळले.

तो आपल्या हातांकडे पाहत होता. तळव्यांना घट्टे होते, पण ते गाठींचे नव्हते, चेंडूचे होते. सामना सुरू व्हायच्या आधी मधल्या वर्तुळात उभं राहायचं, पंच चेंडू उंच फेकतो, आणि एक क्षण असा येतो की चेंडू वरही जात नाही, खालीही येत नाही. तेवढ्या क्षणात पोचायचं. बारा वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही आणि त्याला दुसरं काही येतही नव्हतं. शिकवायला गेला असता तर उड्या नसत्या मारता आल्या, पण रोज मैदानावर तरी उभा राहिला असता.

"दादा," तो म्हणाला, "म्या त्या दिवशी जे म्हणलं, ते भेऊन म्हणलं असं तुले वाटत असन. तसं नाई. मले ते नाव आवडाचं. लोक वरडले का मले वाटे, मी पाटीलच हाय. तू भाकरीचं गठुडं घेऊन उभा होता, तवा मले तुहा राग आलता. का बा, हा कायले आला? म्हणून तसं बोललो."

बळीरामने मान फिरवली.

"आता शिकवाले गेलो तर जलमभर तेच. तिथंच मेलो तर तुले मयतीले याचं असन, तर गावचा मानूस म्हणूनच या लागन." त्याने देवरावपुढे हात केला. "दे कागद. अन् दौत-टाक आण. साहेबाले जसं हाय तसं लिव. खाली सही मी करतो."

"डोमाजी, पोराचं वाटोळं करू नको," बळीराम म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, नुसती विनवणी होती. "मी हात जोडतो तुले."

"हात नको जोडू, दादा. तू मोठा हायस."

देवरावने लिहिलं. दोनदा चुकलं, दोनदा नव्या कागदावर. डोमाजीने सही केली तेव्हा अक्षरं वेडीवाकडी आली. मुनेश्वर लिहायची सवय हाताला राहिली नव्हती. बळीराम ते पाहायला थांबला नाही. तो उठून आपल्या घरात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

*

तरी मंगळवारी पहाटे बळीराम मोटारीपाशी आलाच. पोरगा पहिल्यांदा नोकरीसाठी नागपूरला चालला होता. तो डोमाजी आणि देवरावच्या मागच्या बाकावर बसला आणि नागपूर येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला.

सेक्रेटरी साहेबांनी कागद दोनदा वाचला. बळीराम आणि देवराव दाराशी उभे होते, डोमाजी टेबलासमोर.

"पाटील, हे लिहायची काही गरज होती का?" साहेब म्हणाले. "आपल्या दोघांत होतं ते दोघांत राहिलं असतं."

"माहा पुतन्या त्या नावानं येत नाई, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त कटकट नको होती. "विणकामात शक्य नाही. मागवाले माग बंद करतील. सूतकताईत एक जागा आहे. सोमवारपासून ये म्हणावं." त्यांनी देवरावकडे एकदा पाहिलं आणि मग टेबलावरचे दुसरे कागद सारखे करू लागले. "आणि शिकवण्याचं... बघू. कळवतो."

डोमाजी समजला. कळवतो म्हणजे काय, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती.

तिघे मैदानाच्या कडेने बाहेर पडले तेव्हा नव्या पोरांचा सराव चालला होता. साहेबांच्या दाराबाहेरच्या शिपायाने सगळं ऐकलं होतं, आणि बातमी त्यांच्या आधी तिथे पोचली होती. संघातला जुना सोबती, पंजाबी जोगिंदर, चेंडू टाकून धावत आला, त्याने डोमाजीचा हात दोन्ही हातांत धरला आणि खूप वेळ धरून ठेवला. बाकीच्यांपैकी दोघांनी लांबूनच मान हलवली. उरलेले बुटाच्या नाड्या बांधत राहिले. डोमाजी घडीभर तिथे उभा होता. मग तिघेही फाटकाबाहेर आले.

देवराव नागपुरातच ओळखीच्या एका माणसाकडे इंदोऱ्याला राहिला. परतीच्या मोटारीत दोघेच भाऊ होते. या वेळी बळीराम शेजारी बसला. डोमाजीचा पाय मधल्या वाटेत लांब पसरला होता, कारण गुडघा दुमडत नव्हता. येणारे-जाणारे त्याला अडखळत होते, पुटपुटत होते. वर्धा गेलं. पुलगावच्या फाट्यापाशी बळीरामने चंचीतून तंबाखू काढून मळली, अर्धी भावाच्या हातावर ठेवली.

"कताईत सूत उडते म्हणतात," तो म्हणाला. "छातीत जाते."

"हो. तोंडाले फडकं बांधा लागते. मी सांगतलं त्याले."

 बाहेर तुरीची शेतं कापणीला आली होती. मग बळीराम खिडकीकडेच पाहत म्हणाला,

"त्या दिवशी तुहा खेळ पाह्यला, पण मले काईच समजलं नाई. तू टोपलीत चेंडू टाकला का पाटीवर दोन मांडाचे. मंग एकदा सगळे बाजूले झाले, तू एकटा उभा राहून टाकला, तर एकच मांडला. चेंडू तोच, टोपली तीच. एक काहून?"

डोमाजीने त्याच्याकडे पाहिलं. बारा वर्षांत घरातल्या कोणीच त्याला हे विचारलं नव्हतं.

"ते दंडाचं असते," तो म्हणाला. "समोरच्यानं तुले धक्का देल्ला, तर तुले एकटं उभं करतेत. कोनी आडवं येत नाई. म्हणून त्याचा एकच."

"कोनी आडवं आलं, तर दोन."

"हो."

बळीरामने तोंडातली तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात घेतली. "असं? मंग सुरुवातीपासून सांग. पह्यले काय करतेत?"

"पह्यले दोघं जन मधात उभे राह्यतेत," डोमाजी म्हणाला आणि मोटारीच्या छपराला लागेल इतका हात त्याने वर केला. "समज, तू तिकडचा. मी इकडचा."